जावयाचा रुसवा

शिरूरच्या हौसरावांनी आपल्या तेलगिरणीतल्या युनियनच्या अध्यक्षाचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. असं काही घडलंच नाही, असं हौसराव सांगतात. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू.

आणे जाऊन नवे पैसे चालू झाले त्या वर्षी गिरणीत वीज आली आणि हौसरावांना दहा या आकड्याची धास्ती बसली. विजेवरच्या कारखान्यात दहा माणसं झाली की कायदा लागतो, असं गिरणीतल्या फिटर योहाननं त्यांना सांगितलं होतं. पुढचं बाजारपेठेनं सांगितलं. कायदा लागला की युनियन होते, मग कामगार गादीवर बसतो आणि मालक पोती उचलतो. दौंडला कुणाच्या तरी साडूनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. हौसरावांनी नऊच माणसं ठेवली. पोस्टमन आला तरी त्याला ते उंबऱ्याबाहेर थोपवत.

पण शेंगांच्या हंगामात माल तुंबला, म्हणून कारेगावच्या मच्छिंद्रला घ्यावं लागलं. आणि नेमके त्याच आठवड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर दारात उभे राहिले.

"हा कोण?" साहेबांनी मच्छिंद्रकडे बोट केलं.

हौसराव आडवे आले. "पाव्हणा हाय."

"मग पोतं का उचलतोय?"

"लई न्हाई म्हनलं. ऐकतच न्हाई."

"आलाय कशासाठी?"

"पोरगी बघायला," हौसरावांच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. लग्नं जुळवायचा त्यांना भारी नाद होता. "मग बसू या की," ते म्हणाले.

कायद्यापेक्षा पोहे परवडले, म्हणून हौसरावांनी घरात निरोप धाडला. त्यांच्या बायकोला, सारजाबाईंना वाटलं, मालकांनी परस्पर स्थळ आणलं. त्यांनी लेकीला, तुळजाला हिरवं लुगडं नेसवून पुढं केलं. मच्छिंद्र पेंडीनं माखलेला, पाटावर चोरासारखा बसला होता. देवक एकच निघेल आणि सोयरीक अडेल, ही हौसरावांची शेवटची आशा. साहेबांनी विचारलं. देवक निराळं निघालं.

"मुलीला काही विचारायचंय?"

तुळजानं मान खाली ठेवूनच विचारलं, "आबांना भिता का तुमी?"

"लई," मच्छिंद्र म्हणाला.

"मंग चालंल."

साहेबांनी स्वतः सुपारी फोडली, साखर खाल्ली, कामगार नऊ असं लिहिलं आणि गेले.

"योहान, मोडता यील का रं हे?"

"यील की मालक. पर मंग त्यो पाव्हणा ऱ्हात न्हाई. दहावा व्हतो."

म्हणून लग्न झालं, रीतीप्रमाणे जावयाचे पाय धुऊन.

मांडव उतरला आणि उरलेल्या नऊ जणांनी युनियन काढली. अध्यक्ष मच्छिंद्र. योहाननं हौसरावांना सरळच सांगितलं, "आमी तोंड उघडलं तर तुमी काढून टाकाल. जावयाला कुटं काढता?"

खुद्द अध्यक्षच मागं सरले. "आबांम्होरं मला बोलवत न्हाई," ते युनियनला म्हणाले.

"बोलू नका," योहान म्हणाला. "नुसतं रुसा."

पहिल्याच सणाला मच्छिंद्र पुरणपोळीच्या ताटावरून उठला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती, ती तुळजानं आईच्या कानात सांगितली. सारजाबाईंनी चुलीवर पाणी ओतलं.

"जावई उपाशी उठला. आता कुनालाच न्हाई."

"अगं, त्यो युनियनवाला हाय."

"त्यो तुमच्या गिरणीत. माझ्या घरात जावई हाय."

दिवे लागेपर्यंत हौसरावांनी दम धरला, मग सुट्टी दिली. पुढच्या रविवारी गिरणी बंद होती आणि आवारात पडलेला माल पावसात सापडायची भीती होती. पोती हौसरावांनीच उचलली. समोरच्या ओट्यावरून बाजारपेठ पाहत होती. दौंडच्या साडूवर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचाही बसला.

सोमवारी हौसरावांनी योहानकडून अर्ज लिहून घेतला:

"मेहेरबान लेबर कमिशनर साहेबांचे सेवेशी. अर्जदाराचे कायद्याविरुद्ध काही म्हणणे नाही, युनियनविरुद्धही नाही. मात्र जावई या इसमास रुसण्यापूर्वी चौदा दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक करावे, नोटिशीच्या मुदतीत त्याने ताटावरून उठू नये, व सासूस सदर संपात सामील होण्यास सक्त मनाई असावी, ही विनंती."