मुखपृष्ठावरचं आकाश

डिझायनरबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि छापखान्यातलं काम अडून बसलं होतं. एका निवृत्त वैमानिकाच्या आठवणींचं मुखपृष्ठ दुपारी चारपर्यंत व्हायला हवं होतं. ते बघायला लेखक स्वतः येणार होते. मालक म्हणाले, "घरूनच करा. आपला कॉम्प्युटर तुमच्या लॅपटॉपवर दिसेल अशी सोय करतो." छापखान्यात सगळे ज्याला रिस्टार्टभाऊ म्हणत, त्या दुरुस्तीवाल्याने फोनवरून ती सोय करून दिली. बाईंनी पलंगावर लॅपटॉप मांडला, मुखपृष्ठ उघडलं, आणि दहा मिनिटांत कनेक्शन तुटलं.

"लाइनवर लोड येतोय," रिस्टार्टभाऊ म्हणाला. "कलर डेप्थ कमी करा. सगळ्यात खालचा आकडा निवडा."

"काय म्हणतोय?" शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"रंगांची खोली कमी करा म्हणतोय."

"परवाच तर रंग दिला खोलीला. त्याला काय करायचंय?"

बाईंनी आकडा बदलला. कनेक्शन जुळलं, पण लॅपटॉपवर विमानामागचं संध्याकाळचं आकाश सतरंजीसारखं पट्ट्यापट्ट्यांचं दिसायला लागलं. आपल्याच हातून बिघडलं असणार, असं वाटून त्या पट्टे पुसायला लागल्या. कडा विरघळवल्या, वरून थोडा जांभळा फिरवला. जरा कुठे जमतंय, तोवर कनेक्शन पुन्हा तुटलं.

तिकडे मशीन चालवणारे काका वैतागले होते. बाई रजेवर आहेत एवढंच त्यांना ठाऊक. त्या घरून काम करताहेत हे सांगायला मालक विसरले होते. नमुना छापायचा म्हणून काकांनी पासवर्ड टाकला, तर आकाश जांभळं. त्यांनी ते निगुतीने निळं केलं. तो कॉम्प्युटर एका वेळी एकालाच आत घेई. काका आत आले की बाई बाहेर, बाई आत आल्या की काका बाहेर. हे दोघांपैकी कोणाच्या गावीही नव्हतं.

"कॉम्प्युटर मध्येच कुलूप लावून घेतो," काकांनी रिस्टार्टभाऊला सांगितलं, "आणि आकाश आपोआप जांभळं होतं."

"तापला असेल. पंखा लावा."

काकांनी पंखा लावला. पाच मिनिटांनी रिस्टार्टभाऊला बाईंचा फोन गेला.

"मी जांभळं केलं की निळं होतंय."

"डेप्थ अजून कमी करा."

"खाली आता आकडाच उरला नाही."

"मग रिस्टार्ट करा."

बाईंना वाटलं, आपल्याला रंग दिसेनासे झालेत. त्यांनी सासूबाईंना मटार दाखवायला सांगितले. हिरवे होते. म्हणजे डोळे ठीक होते, आणि त्याने गोंधळ आणखीच वाढला.

साडेतीनला वैमानिक आले आणि काकांच्या मागे खुर्ची घेऊन बसले. आकाश तीनदा बदलताना त्यांनी शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "दुसरं कोणी चालवतंय का हे?"

"नाही हो. बाई रजेवर आहेत."

"त्यांना विचारून तरी बघा. दोघांनी एकदम दांडा ओढला की विमान असंच करतं."

काकांनी फोन लावला. "बाई, कुठे आहात?"

"कॉम्प्युटरवर. तुम्ही?"

"मीपण. त्याच."

चार वाजायला पाच मिनिटं होती. काकांनी पडद्यावर जे होतं ते तसंच छापलं: खाली बाईंचा जांभळा, वर आपला निळा, मधे दोघांच्या झटापटीतून उरलेली राखाडी रेघ.

वैमानिकांनी कागद उजेडात धरला. "तीस वर्षं मी याच आकाशात शिरायचं टाळलं," ते हळूच म्हणाले. "हे तुम्हाला कसं कळलं? हेच ठेवा. फक्त आडवं पुरेल असं मोठं करा, मागच्या पानावरही हेच हवं."

तेवढं आकाश नव्याने रंगवावं लागणार होतं. काकांनी बाईंना विचारलं, बाईंनी काकांना. कोणी कधी काय केलं, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी काकांनी रिस्टार्टभाऊला फोन लावला.

"सगळं नीट चालू झालंय," काका म्हणाले. "दुपारसारखं परत बिघडवून दे."