वाऱ्यावर निवडलेला पंखा

वलगावच्या गयासुद्दीन मिस्त्रींनी हयातभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण बोटीच्या इंजिनाचा पंखा त्यांच्या दुकानात पहिल्यांदाच आला होता. तोही एक नाही, दोन. त्यातला बरोबर कोणता, हे त्यांनी सांगायचं होतं. सकाळपासून ते दोन्ही पंखे मांडीवर घेऊन बसले होते. कधी याची पाती चाचपत, कधी त्याची. आतून हलीमाबींनी चहासाठी मारलेल्या हाका त्यांच्या कानावरून गेल्या.

"बच्चों को भी इतना गोद में नहीं लिया कभी," असं म्हणत हलीमाबींनी शेवटी चहा बाहेर आणून आदळला.

हा सगळा उपद्व्याप पंजाबरावांचा. त्यांचं शेत नव्या धरणाच्या अगदी काठाला, म्हणजे पाणी डोळ्यांना दिसायचं आणि पिकाला मिळायचं नाही, कारण कालवा अजून कागदावरच वाहत होता. त्या वर्षांत कापसाने साऱ्या वऱ्हाडाचे हात पोळले होते आणि गावात येणारा प्रत्येक साहेब 'जोडधंदा करा' एवढं सांगून, चहा पिऊन निघून जायचा. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी कोंबड्या. पंजाबरावांनी बोट घेतली. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टातली; दोन लांबलचक पत्र्याच्या पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, वर छत, कडेला बाकं आणि मागे टांगलेलं पेट्रोलचं इंजिन.

"वावराले पाणी नाही भेटत, तं पाण्यावरच वावर करू," असं त्यांचं म्हणणं. रविवारी अमरावतीचे लोक येतील, धरणातल्या टेकडीवरच्या महादेवापर्यंत फेरी मारतील, असा बेत होता. त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली, आणि मनकर्णाबाई तेव्हापासून त्यांच्याशी फक्त ताटात वाढण्यापुरतं बोलत होत्या.

इंजिन धड होतं, पण त्याचा पाण्यातला पंखा कुणीतरी काढून नेलेला. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर बोटीचं वजन काय, माणसं किती, पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाणारा हवा, असे नाही नाही ते प्रश्न विचारले. पंजाबराव प्रत्येकाला "चांगला पाहून द्या" एवढंच म्हणाले. वैतागून त्याने दोन नमुने पाठवले. लागेल तो ठेवा, दुसरा परत करा; मात्र एकदा पाण्यात घातलेला परत घेणार नाही. गुरुवारी धरणाचे साहेब येणार होते. भरल्या बोटीने टेकडीपर्यंत जाऊन आलं तर परवाना, नाही तर बोट भंगारात.

"पाण्यात घालाचा नाही, अन् पाण्यासाठीच निवडाचा," पंजाबराव डोकं खाजवत म्हणाले. "आता कसं करता गयासभाई?"

"पंखाच हाये ना शेवटी? मंग हवेवर पाहू."

वैशाखातल्या वऱ्हाडात पाती असलेल्या कुठल्याही वस्तूची एकच परीक्षा असते: वारा किती देते. गयासुद्दीन घरात गेले आणि हलीमाबी नमाजाला बसल्या आहेत असं पाहून त्यांनी कूलर दुकानात आणून त्याचा पंखा काढला. मधे बसवायला लेथवर नळीसारखं एक बुश कातलं आणि बोटीचा पहिला पंखा कूलरच्या मोटारीवर चढवला. त्याची पाती रुंद, जराशी चपटी. बटण दाबलं. पंखा मुकाट फिरू लागला.

"यापेक्षा जादा हवा माही म्हैस शेपटीनं देते," पंजाबराव म्हणाले.

दुसऱ्याच्या पात्यांना चांगलाच पीळ होता. तो सुरू झाला मात्र, भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. पंजाबरावांची टोपी गेली. रस्त्यावरून जाणारे चार जण आत येऊन सदऱ्याची बटणं सोडून उभे राहिले. "वा रे पठ्ठ्या!" "हाच लावा!" असा एकमुखी कौल पडला. गयासुद्दीन मोटारीवर हात ठेवून विचारात पडले होते. चपट्या पंख्यावर ती थंडगार होती आणि या पिळाच्या पंख्यावर चटके द्यायला लागली होती. हे असं का, याचं त्यांना मोठं कुतूहल वाटलं. ते आणखी थोडा वेळ वाटलं असतं, पण तेवढ्यात जळका वास आला, मोटारीतून धूर निघाला आणि वारा बंद पडला.

हलीमाबी दारात उभ्या होत्या.

"जला दी? ऐन गर्मी में?"

"बेगम, तपासणी चालू हाये..."

"जिसने मेरी मोटर जला दी, वो उनका इंजन छोड़ेगा क्या?"

"भाबी, कूलरची मोटर म्हंजे लेकरू हाये," पंजाबराव समजावत म्हणाले. "इंजिन पैलवान हाये."

बोलण्यात तथ्य होतं, असं त्या वेळी सगळ्यांना वाटलं. शिवाय तो वारा अजून प्रत्येकाच्या तोंडावर होता. पिळाचा पंखा ठरला.

गुरुवारी साहेब आले. पुण्याकडचे, बूटबीट घातलेले, फारसं न बोलणारे. बोट भरलेली दिसावी म्हणून पंजाबरावांनी अर्धं गाव आत बसवलं होतं. नारळ घेऊन मनकर्णाबाई पुढे. साहेब बरोबर मधोमध बसले आणि छताचा खांब धरून त्यांनी डोळे मिटले.

गयासुद्दीन यांनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, पण त्याचा आवाज दम्याच्या माणसासारखा. काळा धूर सुटला. बोट हलली की नाही, हे समजायला काठावरच्या बाभळीकडे बघावं लागत होतं.

"मिस्त्री, रेस द्या की!" पंजाबराव कुजबुजले.

"पुरी देऊन राहिलो!"

जास्त रेस दिली की धूर वाढायचा, चाल तेवढीच. अर्ध्यावर आणली तेव्हा इंजिन जरा निवांत घुरघुरू लागलं. तेवढ्यात कुणाच्या तरी म्हशी पोहत आल्या आणि बोटीला मागे टाकून पुढे गेल्या.

"माहे बैल असते तं आतापर्यंत दोनदा जाऊन आले असते," मनकर्णाबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांत नवऱ्याशी त्या एवढं लांबलचक वाक्य बोलल्या नव्हत्या. पंजाबरावांचा चेहरा पडला.

आणि नेमक्या त्याच वेळी गयासुद्दीन यांचा चेहरा उजळला. "आता समजलं!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "पंजाबभाऊ, हा पीळवाला एका फेऱ्यात लय पाणी कवटाळून राहिला. बोट भरलेली, इंजिनाले तेवढं झेपत नाही. भरली ट्रॉली टॉप गेरात उचलल्यावानी! तो चपटा म्हंजे पहिला गेर. तोच पायजे होता!"

"आता समजून काय उपेग?" पंजाबराव रडकुंडीला आले. "मेलो ना मी!"

बोट टेकडीला लागली, नारळ फुटला, बोट परत आली. दुपार उलटून गेली होती. साहेब उतरले, जमिनीवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले आणि रुमालाने कपाळ पुसू लागले. पंजाबराव खाली मान घालून उभे. मित्राची ही दशा गयासुद्दीन यांना बघवेना. ते पुढे झाले.

"साहेब, कसूर माझा हाये. पंखा चुकला. दुसरा दुकानात तयार हाये. उद्या लावतो, मग पाहा कशी पळते!"

"पळते?" साहेब दचकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, मला पोहता येत नाही. पाण्याची धडकी भरते. आता आमच्या खात्यात हे सांगू कुणाला? मागे एका बोटीत बसवलं होतं, उतरलो तेव्हा दोन दिवस जमीन फिरत होती. आज पहिल्यांदा पाण्यावर असून मी देवाचा धावा थांबवला. काय संथ बोट आहे हो!"

"पण साहेब, हे चूक हाये..."

"खबरदार पंखा बदललात तर! परवाना देतो, पण हाच पंखा आणि हीच चाल, या अटीवर."

पंजाबरावांनी साहेबांचे पायच धरले. मनकर्णाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि साहेबांना जेवायलाच थांबवून घेतलं. गयासुद्दीन मात्र "पण इंजिनाचा कायदा असा हाये की" एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सुरू करत राहिले. ते पूर्ण करू द्यायला कुणालाच सवड नव्हती.

पावसाळ्यानंतर रविवारी गर्दी होऊ लागली. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, नवी जोडपी, सगळ्यांना ती चाल मानवली. फेरी संपत नाही म्हणून लोक खूश होते. एकदा अमरावतीच्या एका कॉलेजातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक बायकोमुलांसह आले. उतरल्यावर त्यांनी मुद्दाम चौकशी केली, की एवढी हलकी, सुखाची चाल साधणारा पंखा निवडला कुणी? पंजाबरावांनी अभिमानाने गयासुद्दीन यांना पुढे ढकललं.

"वा मिस्त्री," प्राध्यापक त्यांचा हात हातात घेत म्हणाले, "अगदी नेमका निवडलात."

गयासुद्दीन यांनी तोंड उघडलं. प्राध्यापकांच्या पाठीमागे जाऊन पंजाबराव हात जोडून उभे होते.

"शुक्रिया," ते म्हणाले, आणि धरणात पोहणाऱ्या म्हशींकडे बघत राहिले.