सागाला अजीर्ण

जान्याकाका जीपनं कासा गावी बाजाराला गेले, की आधी हायवेच्या कडेला उभे राहून ट्रकवाल्यांना शिव्या घालत. "अरे, किती धूर सोडशील? माझ्या सागाला अजीर्ण झालंय!"

रानशेत गावात ते माझे शेजारी. खरा दोष माझाच. मी शाळामास्तर. झाडं धुरातला वायू गिळतात नि त्याचं लाकूड करतात, हे मी वर्गात शिकवत होतो आणि काका खिडकीत उभे होते. ते एवढं मनावर घेतील, हे मला मेल्याला काय ठाऊक! तेव्हापासून ते डोंगरावरच्या प्रत्येक सागाला विचारू लागले, "जेवलास का रे?"

ही झाडं काका-काकींनीच वनखात्याच्या रोजंदारीवर लावलेली. दर दिवाळीनंतर काका सुतळीनं घेर मोजत. गेल्या वर्षीची सुतळी तोकडी पडली की गावभर सांगत सुटत. पुढे लागोपाठ दोन वर्षं पाऊस लवकर आटपला, ऊन भाजू लागलं, आणि जुनीच सुतळी पुरायला लागली.

"मास्तर, हा जेवतच नाही!"

मी सांगितलं, फार तापलं की झाडं पानांची तोंडं मिटून घेतात. वायू हवेतच राहतो, हवा आणखी तापते.

"म्हणजे उपाशी तो, नि ताप आपल्याला?"



२०१८च्या हिवाळ्यात वनखात्याचा गार्ड विरळणीला आला. खुरटलेली झाडं काढायची, म्हणजे उरलेल्यांना पाणी पुरेल. काका टेप धरायला पुढे. "बघा साहेब, कसा माजलाय!" मी मागे उभा होतो. काकांनी टेप आणि खोडाच्या मध्ये आपला तळहात घातला होता. मला हसू फुटलं.

गार्डनंही पाहिलं. "काका, हात काढा."

काकांनी काढला नाही. "साहेब, याचा खड्डा आमच्या बायकोनं खणला. ती गेली. पोर नाही, बाळ नाही. यालाही नेलात तर मी बोलू कुणाशी?"

गार्ड वाईट नव्हता. त्यानं हळूच काकांचा हात बाजूला केला. काका टेप सोडून खाली पाचोळ्यात बसले.

"मास्तर, तुम्ही धरता जरा?" गार्ड म्हणाला.

मी धरला. घेराचा खरा आकडाही मीच वाचून दाखवला.