खिडकीवर टांगलेला मनोरा

दिवाणखान्यात मोकळी भिंत असणं हा कायद्याने गुन्हा नाही. पण आमच्या हिच्या मते गुन्ह्याहून फार कमीही नाही. शहरातल्या जुन्या वास्तूंचे फोटो कॅनव्हासवर छापून घरात लावायची टूम निघाली आणि हिच्या मैत्रिणींकडे पूल, कमानी, वेशीचे दरवाजे भिंतींवर चढले. मग आमच्याकडे घड्याळाचा मनोरा आला. पलंगाएवढा. कोवळं ऊन, निळं आभाळ, चिटपाखरू नाही.

त्याला पुरेल अशी भिंत एकच होती आणि तिच्यात खिडकी होती. त्या खिडकीतून रस्त्यापलीकडे तोच मनोरा दिसायचा.

"तो कसला मेला मनोरा!" ही म्हणाली. "तारा लोंबतायत, कबुतरांनी घाण केलीय, कपाळावर बनियनची जाहिरात. हा बघा. याला म्हणतात वारसा!"

खिडकीशी माझ्या आत्याची खुर्ची असे. जन्मभर पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई दिवसभर मनोऱ्याच्या घड्याळावर नजर ठेवून, रस्त्यावरून जाणाऱ्यांना किती उशीर झालाय ते ओरडून सांगायची. तिचं सगळं सुख त्या खिडकीत होतं.

"अगं, खिडकी झाकलीस तर मी बघू काय?"

"मनोराच बघा की, आत्या. तोच तर आहे."

"याचे काटे हलत नाहीत."

"म्हणजे बघा, कसली घाईच नाही!"

चित्र लागलं. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि बघता बघता रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्यांवर मनोरे चढले. वारसाप्रेमाला असं उधाण आलं की मनोऱ्याकडे बघणारा माणूस औषधालाही सापडेना.

पुढे केव्हातरी बाहेर धाडधाड आवाज सुरू झाला. आत्या म्हणाली, "बघ रे जरा काय चाललंय." पण बघायचं तर चित्र उतरवावं लागणार, आणि चित्राला हात लावायची माझी काय बिशाद! धूळ मात्र यायला लागली. चित्र खराब होतंय अशी आम्ही सगळ्यांनी मिळून वारसा कार्यालयाकडे तक्रार केली. कार्यालयाने तत्परता दाखवून घरोघर प्लास्टिक वाटलं. आवाज थांबला तेव्हा आम्ही कार्यालयाचे जाहीर आभारही मानले.

त्यानंतर तिथले वारसा अधिकारी हातात मोजायची टेप घेऊन दारात आले.

"अभिनंदन! मनोरा आम्ही पाडला."

"पाडला?" आत्या ताडकन उठली.

"पाहणीत आढळलं, त्याच्या दिशेला एकही खिडकी उघडत नाही. मागणीच नाही हो! पण नियमाप्रमाणे वारसा नष्ट करता येत नाही, तो कुठेतरी असावाच लागतो. सगळ्यांत मोठी प्रत तुमची. आजपासून हाच मनोरा."

हिला आभाळ ठेंगणं झालं. तिने चहा टाकायला धाव घेतली, तर अधिकाऱ्यांनी अडवलं. संरक्षित वास्तूलगत चूल चालत नाही. पंखा म्हणजे वादळ, तेव्हा तोही बंद. सोफा हे अतिक्रमण ठरलं. पर्यटक स्वयंपाकघरातून येऊन मोरीतून बाहेर पडू लागले. आत्याच्या खुर्चीला तर थेट नोटीस आली, कारण स्मारकासमोर पथारी मांडायला बंदी आहे.

"मेल्या, मी काय फेरीवाली?" आत्या कडाडली.

"परवाना असेल तर दाखवा," अधिकारी अदबीने म्हणाले. मग रस्त्यावर जाऊन त्यांनी मान वर करून घराकडे पाहिलं आणि चेहरा पाडून परत आले. "एक अडचण आहे. खालून मनोरा दिसत नाही. मध्ये तुमचं घर येतंय."

"अहो, तो घरातच आहे!" मी ओरडलो.

"तेच म्हणतोय मी. घर काढावं लागेल."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला वाऱ्यावर कसं सोडू? घर पाडण्याआधी आमचा उत्तम फोटोग्राफर येईल."

आता आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला एका भाड्याच्या खोलीत राहतो. भरपाईत मिळालेलं आमच्या घराचं कॅनव्हास फारच देखणं आहे. आमच्या भिंतींचा रंग इतका सुंदर होता हे आम्हाला तिथे राहून कधी कळलं नाही. खोलीत लावायला जागा एकच होती, ती खिडकीवर.

पहिल्या दिवशी आत्या चित्राला नाक लावून उभी राहिली. "ही आपली खिडकी. मग माझी खुर्ची कुठंय?"

मी पाहिलं. फोटो रस्त्यावरून काढलेला. खिडकीत दिसत होती ती मनोऱ्याच्या चित्राची पाठ, त्याच्या पट्ट्या आणि खिळे.

"मागेच असेन मी," आत्या म्हणाली आणि तिने खुर्ची चित्रासमोर ओढली. आता रस्ता दिसत नाही, त्यामुळे ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. तुम्हालाही विचारायला सांगितलाय. हसून झालं असेल, तर जागेवरून न उठता सांगा, तुमच्या खिडकीसमोर काय उभं आहे? आणि उठून खात्री करायला जाणारच असाल, तर जपून. चित्र पडेल.