रविवारी खलनायक रडला

"मुकाट्याने दूध पी, नाहीतर खालून चंद्रप्रकाशकाकांना बोलावते!"

बोरिवलीच्या 'सदिच्छा' सोसायटीत ही धमकी रोज सकाळी प्रत्येक मजल्यावर ऐकू यायची, आणि पेले भराभर रिकामे व्हायचे. तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाश नाईकांनी जन्मात कुणाच्या मुलावर डोळे वटारले नव्हते. पण मराठी चित्रपटांत ते गुंड होते. गालावर देवीचे वण, झुडपासारख्या भुवया आणि रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा आवाज. एवढं भांडवल असल्यावर अभिनय कोण मागतो! खलनायकाच्या मागे उभं राहायचं आणि शेवटी हिरोचा मार खायचा, यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

सोसायटीने मात्र त्यांच्या चेहऱ्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला होता. पाण्याचा टँकर आला नाही, की सेक्रेटरी नंदकुमार त्यांना टँकरवाल्याकडे घेऊन जायचे. "तुम्ही बोलू नका हां नाईक, फक्त उभे राहा," असं बजावायचे. नाईक उभे राहायचे आणि टँकर यायचा.

आणि आता त्यांचं नशीब उघडत होतं. कोल्हापूरचे निर्माते धोंडिराम अण्णा आपल्या नव्या चित्रपटात त्यांना चक्क मुख्य खलनायक करणार होते. हिरोच्या आईला पळवून नेणारा, घोड्यावर बसणारा, स्वतःचा अड्डा असणारा खलनायक! करारावर सही करायला अण्णा मंगळवारी बोरिवलीला घरी येणार होते. नाईकांची बायको मालन हिने तर पडदेसुद्धा धुऊन टाकले.

त्यातच टीव्हीवर बोलावणं आलं. 'रविवारची खोडी' नावाचा एक कार्यक्रम तेव्हा जोरात होता. परदेशातली जुनी कार्टून दाखवायची, दर रविवारी एक विषय घ्यायचा आणि ओळख करून द्यायला कुणीतरी नामांकित पाहुणा आणायचा. मांजरांच्या रविवारी एक गायिका आली होती, आगगाड्यांच्या रविवारी एक क्रिकेटपटू. राक्षसांच्या रविवारी कोण, हे सांगायला नकोच.

पण चित्रीकरणाला गेल्यावर कळलं, की ऐनवेळी विषय बदलला आहे. राक्षसांऐवजी आई. नाईक संध्याकाळी घरी आले आणि खाली मान घालून जेवायला बसले.

"कसं झालं हो?" मालनने विचारलं.

"झालं."

"म्हणजे चांगलं झालं ना?"

"झालं म्हटलं ना गं. भात वाढ."

कलावंत मोठा झाला की कमी बोलतो, असं मालनने कुठेतरी ऐकलं होतं. तिने कौतुकाने भात वाढला.

रविवारी संध्याकाळी नाईकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आयांनी मुलांना मुद्दाम पुढे बसवलं होतं, भीतीचा वर्षभराचा साठा एकदम भरून घ्यावा म्हणून. नाईक मात्र डोकं दुखतंय म्हणून बाहेर सटकायला बघत होते. मालनने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

पडद्यावर काळा शर्ट आणि गळ्यात लाल रुमाल घातलेले नाईक आले. "मी आलोय!" ते गरजले. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाचा मुलगा बाळा आईच्या पदरात घुसला. प्रेमाचा चेहरा समाधानाने फुलला.

मग कार्टून सुरू झालं. पेंग्विनचं एक पिल्लू बर्फाच्या तुकड्यावर बसून खेळत असतं. तो तुकडा सुटतो आणि पिल्लू वाहून जायला लागतं. आई काठाकाठाने धावते, पडते, पुन्हा उठून धावते, आणि शेवटी समुद्रात उडी टाकते. पिल्लू मिळतं. गोष्ट संपते आणि पाहुणा पुन्हा पडद्यावर येतो.

पाहुण्याचा चेहरा वाकडातिकडा झाला होता. आधी खालचा ओठ थरथरला, मग भुवया. मग त्या पिंपातून अख्ख्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असा एक हुंदका आला. "आये गेऽऽ!" पडद्यावरचे नाईक ओक्साबोक्शी रडत थेट मालवणीत म्हणाले, "माका माझ्या आयेची आठवण इली!" आणि त्यांनी त्या लाल रुमालात फर्र करून नाक शिंकरलं.

नंदकुमारांच्या हातातला चहाचा कप वाटेतच थांबला. प्रेमाचा 'आ' वासला तो मिटेना. मालन तर टीव्हीकडे बघायची, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे बघायची आणि पुन्हा टीव्हीकडे. यातला आपला नेमका कुठला, असा तिला प्रश्न पडला होता.

"अहो... हे काय?"

"मला वाटलं, तेवढं कापतील," नाईक पुटपुटले.

तेवढ्यात नंदकुमारांची चिमुरडी मीरा उठली. आजवर ती नाईकांच्या दारावरून डोळे मिटून पळायची. तिने आपल्या हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्कीट नाईकांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुमची आई येईल हां."

झालं. सगळी वाट लागली.

सोमवारी सकाळी बाळाने दूध सरळ मोरीत ओतलं. "बोलव काकांना," तो आईला म्हणाला, "मी त्यांना गोष्ट सांगतो." वरच्या मजल्यांवरही हेच. दहा वाजायच्या आत आयांचा मोर्चा नाईकांच्या दारात उभा राहिला.

"काय हे मालनताई! आता आम्ही कोणाचं नाव घ्यायचं?" प्रेमाने तावातावाने विचारलं. "यांना रडायचंच होतं तर घरात रडायचं ना! टीव्हीवर कशाला?"

"मला सांगून रडले का ते?" मालन म्हणाली.

दुपारी नंदकुमार नाईकांना टँकरवाल्याकडे घेऊन गेले. नाईक नेहमीसारखे उभे राहिले, भुवयाही चढवल्या. टँकरवाल्याने पुढे येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "काका, बसा. पाणी पिणार?" त्याने पेलाभर पाणी दिलं. टँकर मात्र शेजारच्या सोसायटीत गेला.

आणि संध्याकाळी नंदकुमारांच्या घरच्या फोनवर कोल्हापूरहून धोंडिराम अण्णा आले.

"काय राव नाईक, काय केलंसा हे! आमच्या पिक्चरमधी तुम्ही हिरोच्या आईला पळवणार. आता पब्लिक म्हणंल, ह्यो तिला अड्ड्यावर नेणार आन् तिथं पाया पडणार!"

"अण्णा, ते चुकून..."

"उद्या येतोच. बगतो. भ्या वाटलं तर सही, न्हाईतर राम राम."

नाईक घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. इतकी वर्षं वाट बघून आलेला अड्डा आणि घोडा एका पेंग्विनने बुडवला होता. मालनला नवऱ्याची ती पाठ बघवेना. तिने पदर खोचला, प्रेमाला हाक मारली आणि दोघींनी मिळून सोसायटीतली सगळी पोरं जिन्याखाली गोळा केली.

"हे बघा," मालन म्हणाली, "उद्या कोल्हापूरचे पाहुणे येणार. ते गेटमधून आत आले, की काका दारात येतील. काकांना बघितलं रे बघितलं, की सगळ्यांनी किंचाळत पळत सुटायचं. मग प्रत्येकाला पेप्सीकोला."

"पण काका तर चांगलेयत," बाळा म्हणाला.

"नाटक करायचं रे! तुझी आई दूध सांडल्यावर करते तसं."

तालीम झाली. नाईक दारात आले, त्यांनी डोळे गरागरा फिरवले. पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. मीराने "काका, परत करा ना" म्हणून हट्ट धरला. मालनने कपाळावर हात मारला आणि पेप्सीकोला दुप्पट केले.

मंगळवारी दुपारी गेटपाशी टॅक्सी थांबली. पोरं किंचाळायला टपून बसलेलीच होती. टॅक्सीचं दार उघडलं आणि आधी कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा बाहेर आल्या. मग पांढरा सफारी, काळा चष्मा, कानापर्यंत गेलेल्या मिशा आणि पानाने लालभडक झालेलं तोंड. त्या तोंडाने टॅक्सीवाल्यावर अशी काही डरकाळी फोडली, की झाडावरचे कावळे उडाले. अण्णांची बॅग डिकीत राहिली होती, एवढंच ते म्हणत होते.

पोरांनी एकच किंकाळी फोडली. त्यात नाटक औषधालासुद्धा नव्हतं. ती जी धावत सुटली ती थेट दारात आलेल्या नाईकांच्या अंगावर. बाळा एका हाताला लटकला, मीरा गळ्यात, बाकीची पायांना. "काका, वाचवा! काका, तो आला!"

नाईकांनी सगळ्यांना पोटाशी धरलं. "गप, गप हां. काय नाय करत तो. मी आसंय हंय," असं म्हणत ते एकेकाच्या पाठीवर थोपटू लागले. मालनने डोळे मिटून घेतले. आता सही कसली आणि करार कसला!

अण्णा अंगणाच्या मधोमध खिळल्यासारखे उभे होते. त्यांनी चष्मा काढला.

"मला भ्याली?" त्यांनी हळूच विचारलं.

पोरं नाईकांना आणखीच बिलगली.

"खरंच मला भ्याली? अवो, घरात आमची कोंबडीसुदिक मला भीत न्हाई!" खात्री करायला अण्णा एक पाऊल पुढे आले आणि नुसतं "ए!" म्हणाले. पोरं पुन्हा ओरडली. बघता बघता अण्णांची छाती दोन इंच फुगली.

"ठरलं," ते म्हणाले. "खलनायक मी सोताच करणार. उगा दुसऱ्याला कशाला!"

"आणि मी, अण्णा?" नाईकांचा आवाज पिंपाच्या पार तळाशी गेला होता.

"तुम्ही हिरोचं वडील. पोरं गळ्यात घेऊन असं उभं ऱ्हायलात, की पब्लिक पाघळतंय बगा."

नाईकांनी गळ्यातल्या मीराला सावरलं. घोडा गेला, अड्डा गेला. मग त्यांनी बिचकत विचारलं, "म्हणजे शेवटी हिरो मला मारणार नाही?"

"मारतोय कशाला? पाया पडंल तुमच्या! पयल्या सीनलाच."

आजवर ज्यांनी ज्यांनी आपल्याला कुंपणावर, गवताच्या गंजीवर आणि एकदा तर शेणात फेकलं होतं, ते सगळे हिरो नाईकांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. आता ते वाकणार होते. नाईकांचा खालचा ओठ थरथरायला लागला, मग भुवया.

"अवो नाईक, थांबा, थांबा!" अण्णा घाईघाईने कराराचे कागद काढत ओरडले, "आत्ता नगा रडू! कॅमेरा कोल्हापुरात ऱ्हायलाय!"