नव्या हेडफोनला जरा जास्तच रस

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये तेजसच्या हेडफोनची वायर चावलेली सापडली आणि पिठल्याची सुनावणी स्वयंपाकघरात सुरू झाली. पिठल्या म्हणजे चार महिन्यांचं पिवळं मांजराचं पिल्लू.

"आई, आधी चार्जर, मग इंटरनेटची वायर, आता हे. रविवारी रंगरावमामा येतोय, त्याला देऊन टाकू. मार्केट यार्डात त्याच्या दुकानात उंदीर आहेतच."

"दात येतायत रे त्याला. हिरड्या शिवशिवतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू माझ्या मंगळसूत्राचे मणी चावायचास. तुला पाठवलं का कुठे?"

"तेव्हा मला मीटिंगा नव्हत्या."

कंपनीने घरूनच काम करा म्हटल्यापासून तेजस दिवसभर घरात असायचा, म्हणजे बंद दाराआड. द्वारकाबाईंशी बोलायला उरला होता तो पिठल्या, आणि आता त्याचीही पाठवणी ठरली. त्यांना फार वाईट वाटलं. पण रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तान्ह्या बाळांना देतात तशी खारीक त्यांनी देऊन पाहिली. पिठल्याने ती कपाटाखाली ढकलली. ओल्या फडक्याची गाठ फ्रीजमध्ये गार करून दिली, ती मात्र त्याला पसंत पडली. तरी खबरदारी म्हणून त्यांनी कारली किसली आणि घरातल्या एकूण एक वायरीला रस चोपडला. तेजसने आणलेल्या नव्या हेडफोनला जरा जास्तच. पिठल्याने एकदा हुंगलं आणि वायरींचा नाद सोडला.

शुक्रवारी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तेजस, सोमवारपर्यंत होईल ना हे?" तेजस विचारात पडला. विचारात पडला की वायर आपोआप त्याच्या दाताखाली जाते, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं, की साहेब घाईघाईने म्हणाले, "ओके, ओके, पुढचा आठवडा घे."

चूळ भरून झाल्यावर तेजसने जुन्या हेडफोनची वायर काढून नीट पाहिली. चार्जरच्या वायरीला बारीक भोकं पडली होती. ही वायर चपटी झाली होती.

"मामाला फोन कर. मांजर देत नाही म्हणावं," तो खाली बघत म्हणाला.

"कालच केला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुझे दात मी नाही ओळखणार? पहिला आला तेव्हा त्यावर वाटी वाजवून पाहिली होती मी."

"मग सांगायचं ना."

"कधी? दार बंद असतं तुझं."

तेजस ओट्याशी फरशीवरच बसला. द्वारकाबाईंनी कपाटाखालची खारीक काढली, धुतली आणि त्याच्या हातात दिली. मग मंगळसूत्राच्या मण्यांची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतली. पिठल्या शेजारी फडकं चावत होता, आणि तेजसचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं होतं.