आवाज येऊन राहिला का?

"का जी भैया, तुमाले ट्रान्झिस्टरमधलं काही समजते का?"

आमच्या सामानाचा ट्रक समता कॉलोनीतल्या भाड्याच्या घरासमोर उभा होता. मी कपाटाचं एक टोक धरून उलटा चालत होतो, आणि समोरच्या फाटकात उभ्या असलेल्या एक बाई मला हे विचारत होत्या. नवा शेजारी आला की लोक चहाचं विचारतात, गाव विचारतात, फार तर भाडं किती ते विचारतात. मेश्राम मावशींनी ट्रान्झिस्टर विचारला. मी धापा टाकत म्हणालो, "नाही हो." कपाट आत ठेवून बाहेर आलो तरी त्या तिथेच.

"नाही समजत ना? मले बी नाही समजत. म्हणून तं विचारून राहिली."

त्याचं असं झालं होतं की नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि वेगळ्या झालेल्या भावांनी भांडी वाटून घ्यावीत तसे भोपाळचे सरकारी कारकून वाटले गेले. मी छत्तीसगडच्या वाट्याला आलो. बायकोला इथल्या एका शाळेत नोकरी मिळाली. राहिली आई. तिला तोवर ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. कानाचं यंत्र तिने लावून पाहिलं आणि "यात नुसता कूलर ऐकू येतो" म्हणून कपाटात टाकून दिलं.

मावशींनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात काढली. आधी ट्रंक कॉल जोडायच्या. पुढे यंत्रं आली आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. शेजाऱ्याच्या घरून कुणी तक्रारीचा फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: आवाज जाऊन राहिला का येऊन राहिला? म्हणजे तुमचं बोलणं पलीकडे पोचत नाही, की पलीकडचं तुम्हाला ऐकू येत नाही? निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, पण प्रश्न मावशींबरोबर घरी आला आणि सगळ्याच गोष्टींना लागू झाला. एकदा माझा आणि बायकोचा अबोला चालू होता. मावशी विरजणाला दही मागायला आल्या, दोघांची तोंडं पाहिली आणि वाटी पुढे करत म्हणाल्या, "आवाज कोनाचा जाऊन नाही राहिला? तुमचा का तिचा?" बायको हसली. मलाही मग हसावं लागलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "लाइन एंगेज होती." निवृत्तीनंतर करायचं काय, तर त्यांनी पुढच्या खोलीत टेबल मांडलं, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणलं, आणि सर्किटं करायला लागल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याभोवती स्वतः केलेली पळत्या दिव्यांची माळ. त्यातला एक दिवा नेहमी दमल्यासारखा मागून यायचा. "तो असाच आहे," मावशी म्हणायच्या, "येते हळूहळू." तांब्याची तार उरला इथल्या कारखान्यांच्या भंगारातून यायची. पाण्याची टाकी भरली की ओरडणारं यंत्र त्यांनी अर्ध्या कॉलोनीला फुकट करून दिलं होतं. आमच्या घरमालकांचं तर टाकी रिकामी झाली तरी ओरडायचं.

पण मावशींचं सर्किट परवडलं, प्रश्न परवडत नसत. चेहऱ्यावर जराशी अक्कल दिसली की त्या माणसाला फाटकात अडवत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांना पाहिलं की मोबाइल कानाला लावत. घरमालकांचे जावई पुण्याहून आले होते, इंजिनियर. ऐन पंगतीत मावशींनी त्यांना गाठलं.

"का जी, सर्किटातला हा रेझिस्टर एवढा गरम काहून होते?"

"मावशी, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मंग घरी काही बिघडलं तं कोन पाह्यते?"

जावईबापूंनी जिलबी तशीच टाकून हात धुतले. मीही काही वेगळा नव्हतो. ऑफिसला जाताना स्कूटर फाटकापासून लांब नेऊन सुरू करायचो. गंमत म्हणजे हाच रेझिस्टरचा प्रश्न त्यांनी मला, बायकोला, गॅसवाल्याला आणि मीटर वाचायला आलेल्या माणसालाही विचारला होता. मला वाटायचं, बाईंच्या डोक्यात काही शिरत नाही.

आईची आणि त्यांची पहिली भेट मला चांगली आठवते. आईने कानाला हात लावून मान हलवली. दुसरं कुणी असतं तर हळहळलं असतं. मावशी खूश झाल्या. "म्हणजे जाऊन राहिला, येऊन नाही राहिला. एकतर्फी फॉल्ट हाय. याचं काही तरी करता येते."

आणि करायची गरज लवकरच पडली. आम्ही दोघं कामावर गेलो की आई दिवसभर घरात एकटी. दारावर कोणी आलं तर तिला कळायचं नाही. गॅसवाला परत जाई, पोस्टमन परत जाई, त्याचं काही नाही. पण एक दिवस भोपाळची तिची जुनी शेजारीण, रायपुरात लग्नाला आलेली, मुद्दाम तिला भेटायला आली. घंटी वाजवून वाजवून परत गेली आणि गाडीत बसण्याआधी मला ऑफिसात फोन करून तसं म्हणाली. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने ताट सरकवून दिलं.

"या गावात मला कोणी भेटायला आलं तरी मला कळत नाही. मला भोपाळला सोडून ये."

भोपाळचं क्वार्टर आम्ही सोडून आलो होतो. तिथे तिला ठेवायला ना घर होतं, ना माणूस. पण त्या दिवसापासून आई रोज हेच म्हणायला लागली आणि तिने ट्रंक आवरून ठेवली. हिला इथे करमलं नाही तर मी करणार काय?

मावशींना हे बायकोकडून कळलं. त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात सर्किट बसवलं. दारावरचं बटण दाबलं की आई बसे-निजे त्या लाकडी तख्तासमोरच्या भिंतीवर पिवळा दिवा लागायचा आणि थोडा वेळ तसाच राहायचा. पहिल्या दिवशी आईने मला चारचारदा बाहेर पाठवून बटण दाबायला लावलं. दिवा लागला की ती आतून मोठ्याने म्हणायची, "कोण आहे?" आणि मी बाहेरून म्हणायचो, "मीच." तिला ते ऐकू जायचं नाही, तरी ती हसायची.

सुख आठवडाभर टिकलं. मग उन्हाळा लागला, कूलर सुरू झाले, आणि दिवा आपल्या मनाने लागायला लागला. आई उठायची, दार उघडायची, बाहेर नुसतं ऊन. "दारात कोणी नाही हे पुन्हा पुन्हा पाहायला मला राजधानीत आणलंस का?" तिने विचारलं. ट्रंकेवरची धूळ तिने पुन्हा पुसली.

मावशींची झोप उडाली. त्यांचं बाजारातल्या सगळ्या रेडिओवाल्यांना विचारून झालं. तेव्हा माझ्याकडे नुकतंच इंटरनेट आलं होतं, आणि सर्किटांचा नाद असलेले देशोदेशीचे लोक एका ठिकाणी एकमेकांचे प्रश्न सोडवतात हे मी त्यांना सांगून बसलो. मावशी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्या सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार.

"पह्यले विचारा, जेवले का."

"मावशी, तिथे असं विचारत नाहीत."

"काहून? ते जेवत नाहीत का?"

लिहिलं. खाली दिव्याचा प्रश्न लिहिला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं: दारापासूनची तार लांब आहे, कूलरची मोटर सुरू होताना ती तार झटका पकडते, डब्यात तारेच्या टोकाशी एक छोटा कपॅसिटर लावा, तो झटका गिळेल. आणि शेवटी लिहिलं होतं, हो, सूप घेतलं. मावशींनी मसुराच्या दाण्याएवढा तो कपॅसिटर लावला आणि दिवा शहाण्यासारखा वागायला लागला. नंतर बरेच दिवस त्या मला फाटकात विचारत, "त्या सूपवाल्यानं पुन्हा काही लिहिलं का?" मी म्हणायचो, उत्तर मिळालं मावशी, आता तो कशाला लिहील? "हव," त्या म्हणायच्या, "तेबी खरं."

पण कसलं काय. पंधरा-वीस दिवसांत आईची तक्रार पुन्हा सुरू झाली. दुपार झाली की ती व्हरांड्यात जाऊन हाक मारायची. बहिऱ्या माणसाची हाक. पार पलीकडच्या ब्राह्मणपाऱ्यातसुद्धा ऐकू गेली असेल. "मेश्रामबाई, तुमचा दिवा पुन्हा आपोआप लागला!" मावशी वीज मोजायचा मल्टीमीटर घेऊन हजर. पाऊस आला, कूलर बंद झाले, थंडी आली, तरी बिघाड जाईना. मी एकदा म्हणालो, सरळ एखादा इलेक्ट्रिशियन बोलावू. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. आईने मात्र एवढा बिघाड असूनही भोपाळचं नाव काढणं कधी बंद केलं, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या हिवाळ्यात मला ताप आला आणि मी घरी पडून राहिलो. माझ्या खाटेवरून भिंतीवरचा दिवा समोर दिसत होता. दुपारी जेवणं झाली. आईने चहाचे दोन कप काढून ठेवले, केस नीट केले, दिव्याकडे एकदा पाहिलं. दिवा लागला नव्हता. मग ती शांतपणे व्हरांड्यात गेली आणि ओरडली, "मेश्रामबाई, लागला हो, लागला!"

मावशी आल्या. तख्तावर डबा उघडून बसल्या, मल्टीमीटरच्या लाल-काळ्या काड्या इथे लाव, तिथे लाव, चेहरा अगदी गंभीर. आई बोलत होती. वर्ध्याजवळच्या तिच्या माहेरची विहीर, पेरूचं झाड, शाळेतल्या मारक्या बाई. मला कधी न सांगितलेल्या गोष्टी. मावशीही वर्ध्याकडच्याच. त्या ओठ मोठे मोठे हलवून उत्तर देत आणि आईला ते कळत होतं. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मी पडल्या पडल्या पाहिलं, तर मल्टीमीटरचा पडदा कोरा होता. बटण बंदवरच होतं.

मावशी निघाल्या तसा मी शाल गुंडाळून फाटकापर्यंत गेलो.

"मावशी, तुमचा मीटर बंद होता."

"हव. फुकट सेल काहून जाळू?"

"आणि दिवाही लागला नव्हता. मी पाहत होतो."

"मले माहीत हाय." त्यांनी मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं. आई आत गेली होती. "कपॅसिटर लावला तवाच डब्यात एक बारका लाल दिवा बी बसवला होता मी, साक्षीदार. पिवळा एकदा जरी लागला तं हा पेटून राह्यते, मी विझवेपर्यंत. रोज विझवून जाते, तं दारावर कोनी आलं नसलं का दुसऱ्या दिवशी विझलेलाच भेटते. कपॅसिटर लावल्यावरची ही कम्प्लेंट तुमची आई पह्यल्या दिवसापासून खोटी करून राहिली."

"मग तुम्ही बोलला काहून नाही?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघून गेला.

"फॉल्ट भेटला का कम्प्लेंट बंद होते, भैया. कम्प्लेंट बंद झाली का मानूस बी बंद." त्या फाटकाची कडी उगाच वरखाली करत होत्या. "सारी नोकरी त्या टेबलावर गेली. लोकं भांडले, रडले, शिव्या दिल्या. फोन सुरू झाला का कोनी नाही बोललं. एका बी मानसानं कधी फोन करून नाही सांगितलं, का बाई, सुरू झाला." मग मल्टीमीटर पदरात गुंडाळत म्हणाल्या, "ताईले सांगू नका. तिले वाटते मले काही समजत नाही."

मी घरात येऊन पांघरूण घेतलं. रेझिस्टर गरम काहून होते, हे या बाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. उत्तर त्यांना नकोच होतं. उत्तर शोधेपर्यंत माणूस फाटकात थांबतो, तेवढंच हवं होतं. आणि मी स्कूटर लांब नेऊन सुरू करत होतो. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्या बाईंचे उपकार वाटले. माझी आई या गावात राहिली ती त्या बिघाडाच्या जोरावर.

ताप उतरला. ऑफिसात गेलो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरचा नंबर फिरवला.

"हॅलो. कोन?"

"मी समोरचा बोलतो, मावशी."

"काय झालं? ताई बऱ्या हायेत ना? दिवा गेला का?"

"काही बिघडलं नाही. कम्प्लेंट नाही. आईने काल ट्रंक रिकामी करून त्यात जास्तीच्या रजया भरल्या. सगळं सुरू आहे, एवढं सांगायलाच फोन केला."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं, लाइन कटली.

"मावशी? आवाज जाऊन राहिला का माझा?"

"जाऊन राहिला," त्या म्हणाल्या. "साफ येऊन राहिला, भैया."

जेवणाची सुट्टी संपत आली होती. शिपाई फायली घेऊन समोर उभा होता.

"बरं, फोन केलाच हाय तं," मावशी हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? तो रेझिस्टर एवढा गरम काहून होते जी?"

मी शिपायाला फायली ठेवून जायला खूण केली आणि खुर्ची ओढून घेतली.

"मले नाही माहीत, मावशी," मी म्हणालो. "तुम्ही सांगा. मी ऐकून राहिलो."